दोन विजांची इंजिने : मुंबईच्या डब्ल्यूसीएएम घराण्याचा प्रवास

कर्जतचा_पासधारक

डब्ल्यूसीएएम या चार अक्षरांची फोड केली, तर मुंबईच्या रेल्वेचा नव्वद वर्षांचा तिढा त्यात सापडतो. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज, ए म्हणजे एसी (दिशा सतत बदलणारी) वीज आणि एम म्हणजे प्रवासी गाडी व मालगाडी अशी दोन्ही कामे करणारे इंजिन. आपल्याकडच्या विद्युत इंजिनांच्या नावात एरवी सी तरी असतो किंवा ए तरी. दोन्ही अक्षरे शेजारीशेजारी बाळगणारे घराणे मुंबईसाठीच जन्माला आले, कारण दोन विजांमधली सीमा मुंबईच्या वेशीवर जितकी वर्षे ठाण मांडून बसली, तितकी ती दुसरीकडे कुठेही टिकली नाही.

या सीमेचे मूळ ३ फेब्रुवारी १९२५ या दिवशी आहे. त्या दिवशी बोरीबंदर ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची गाडी धावली आणि त्यासाठी १५०० व्होल्टची डीसी वीज वापरली गेली. त्या काळाच्या मानाने निवड योग्यच होती. डीसीवर चालणारी मोटर चढावर जोर लावते, तिचा वेग कमी-जास्त करणे सोपे असते आणि एसीचे डीसी करणारे सुटसुटीत यंत्र इंजिनाच्या पोटात बसवण्याची सोय तेव्हा नव्हती. १९२९ मध्ये विजेची तार पुण्याला पोहोचली, १९३० मध्ये इगतपुरीला. पश्चिमेकडे १९२८ साली बोरिवलीपर्यंत आणि १९३६ साली विरारपर्यंत वीज आली, आणि नंतर कित्येक दशके ती तिथेच थांबली.

पन्नाशीच्या दशकात रेल्वेने पुढच्या साऱ्या विद्युतीकरणासाठी २५ हजार व्होल्टची एसी वीज स्वीकारली. मद्रासची जुनी डीसी बदलली, कलकत्त्याची ३००० व्होल्टची डीसीही बदलली. मुंबईत मात्र दिवसाला हजारांच्या घरात लोकल धावत असल्यामुळे तारा, उपकेंद्रे, सिग्नल आणि खुद्द लोकलचे डबे एकाच वेळी बदलायचे कसे, याचे उत्तर कुणाकडे नव्हते. शहर डीसीवर राहिले आणि बाहेरचा देश एसीवर गेला. ईशान्येकडून येणारी एसी इगतपुरीला अडली, गुजरातकडून येणारी विरारला.

माझ्या पिढीच्या लोकांना इगतपुरीचा तो थांबा आठवत असेल. नाशिककडून आलेल्या गाडीचे एसी इंजिन तिथे सुटायचे, डीसी इंजिन लागायचे आणि या सोहळ्यात वडे-चहाचा एक अख्खा फेरा सहज उरकायचा. दिवसभरात तिथून जाणाऱ्या प्रत्येक मेल-एक्स्प्रेसला हे करावे लागे. त्यासाठी सुटी इंजिने, ती हलवायला रूळ आणि माणसे कायम तयार ठेवावी लागत.

विरारच्या बाजूला हाच प्रश्न दुसऱ्या पद्धतीने सोडवला गेला. इंजिन बदलण्याऐवजी दोन्ही विजांवर चालणारे इंजिनच बांधायचे ठरले आणि चित्तरंजनच्या कारखान्यात १९७५ ते १९७९ या काळात डब्ल्यूसीएएम-१ ची ५३ इंजिने तयार झाली. एसीवर ३६४० अश्वशक्ती आणि डीसीवर २९३० अश्वशक्ती, हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. मुंबई सेंट्रलहून निघालेले इंजिन विरारच्या पुढे चालत्या गाडीत वीज बदलून थेट गुजरातेत जाऊ लागले.

त्यानंतर सोळा वर्षे घराणे वाढलेच नाही. १९९५-९६ मध्ये भेल या सरकारी कंपनीने २० डब्ल्यूसीएएम-२ बांधली, तीही पश्चिम रेल्वेसाठी. मध्य रेल्वेच्या वाट्याला हे सुख आले ते १९९७-९८ मध्ये, जेव्हा भेलचीच ५३ डब्ल्यूसीएएम-३ कल्याणच्या शेडमध्ये दाखल झाली. एसीवर ५००० आणि डीसीवर ४६०० अश्वशक्ती असलेले हे इंजिन माझ्या मते घराण्यातले सर्वांत कर्ते. पाठोपाठ १९९९ मध्ये त्याच्याच धर्तीवर मालगाड्यांसाठी डब्ल्यूसीएजी-१ ची १२ इंजिने आली. सगळी मिळून १३८.

मी कर्जतचा पासधारक असल्यामुळे घाटाची बाजू रोज पाहिली आहे. इंजिनात बसून ही इंजिने ज्यांनी चालवली, त्यांनी इथे लिहावे अशी विनंती.

ठाकुर्लीकर

लेख उत्तम आहे, परंतु घराण्याचे आजोबा-पणजोबा राहून गेले. डब्ल्यूसीएएम-३ ने घाटात जे काम केले, त्याचा कित्ता १९२८ च्या सुमारास आलेल्या जीआयपी रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाच्या) ईएफ-१ या मालगाडीच्या इंजिनांनी गिरवून ठेवला होता. पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-१ म्हणू लागले. एकूण ४१ इंजिने. त्यांतली पहिली स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला बांधली गेली आणि बाकीची इंग्लंडमध्ये व्हल्कन फाउंड्रीत. शरीर मधून सांध्यावर वाकणारे, पुढेमागे लांब नाके आणि चाके आडव्या दांड्यांनी एकमेकांना जोडलेली. चालताना त्या दांड्या अशा काही वरखाली फिरत, की रेल्वेतल्या माणसांनी त्याचे नाव ‘खेकडा’ ठेवले. युरोपातले लोक याच जातीच्या इंजिनांना मगर म्हणत आले आहेत. आपल्याला खेकडा दिसला, हे कोकणाच्या शेजाराला धरूनच झाले.

या खेकड्यांची खरी करामत उतारावर होती. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरताना त्यांच्या मोटरी जनित्र होत आणि गाडीच्या वजनातून तयार झालेली वीज तारेत परत जाई. भोर घाटाची (कर्जत-लोणावळा) आणि थळ घाटाची (कसारा-इगतपुरी) चढण ३७ मीटरला १ मीटर अशी आहे. अशा उतारावर केवळ ब्रेकच्या ठोकळ्यांवर मालगाडी रोखली, तर चाके तापून लाल होतात. एक गाडी उतरताना दिलेली वीज दुसरी गाडी चढताना वापरते, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी आपल्या दाराशी राबत होती.

त्यांच्याबरोबर प्रवासी गाड्यांसाठी ईए-१ आली, म्हणजे नंतरची डब्ल्यूसीपी-१. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन याच इंजिनांनी ओढली. स्वातंत्र्यानंतर डब्ल्यूसीएम मालिका आली. १९५४-५५ मधली सात डब्ल्यूसीएम-१ ही तीन-तीन आसांच्या दोन बोगींवर (म्हणजे चाकांच्या सांगाड्यांवर) उभी असलेली आपल्याकडची पहिली विद्युत इंजिने; आजचे जवळपास प्रत्येक मोठे इंजिन त्याच मांडणीचे असते. डब्ल्यूसीएम-२ आणि डब्ल्यूसीएम-३ मुळात कलकत्त्याच्या ३००० व्होल्टसाठी आणलेली होती. तिकडे एसी आली तेव्हा ती निराधार झाली आणि १५०० व्होल्टवर बदलून मुंबईने त्यांना पदरात घेतले. १४ ऑक्टोबर १९६१ रोजी चित्तरंजनहून पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडलेले देशात बांधलेले पहिले विद्युत इंजिन ‘लोकमान्य’, तेही डब्ल्यूसीएम-५ जातीचे, म्हणजे मुंबईच्या डीसीसाठीच बांधलेले होते.

आमच्या ठाकुर्लीच्या चोळे वीजकेंद्राचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. ही वीज काही प्रमाणात आमच्या खाडीकाठी कोळसा जाळून तयार होत असे. लहानपणी आम्ही त्या भोंग्यावर घड्याळ लावत असू.

जिज्ञासू_डोंबिवली

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. दोन्ही विजा शेवटी मोटरच फिरवतात, तर इंजिनाला फरक का पडावा? आणि डीसीवर अश्वशक्ती कमी का भरते?

वर्कशॉप_परळ

प्रश्न प्राथमिक नाही, मुळावर बोट ठेवणारा आहे.

डब्ल्यूसीएएम-३ डीसीवर पूर्ण ताकद लावत असेल, तर ४६०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३४०० किलोवॉट. दाब १५०० व्होल्ट असेल, तर तारेतून सुमारे २३०० अँपिअर प्रवाह खेचावा लागतो. हेच इंजिन एसीवर ५००० अश्वशक्ती देताना २५ हजार व्होल्टवर साधारण दीडशे अँपिअरमध्ये भागवते. दोन्ही आकड्यांत इंजिनातला अपव्यय धरलेला नाही, पण अंदाज यावा. म्हणून डीसीची तार जाडजूड, उपकेंद्रे थोड्या-थोड्या अंतरावर, आणि दोन जड गाड्या एकाच टापूत एकदम सुटल्या की दाब खाली बसणार. एसीची तार बारीक, उपकेंद्रे दूर-दूर.

आता इंजिनाच्या पोटात. मोटरी दोन्हीकडे त्याच, म्हणजे डीसीच्याच; डब्ल्यूसीएएम-३ मध्ये सहा हिताची मोटरी आहेत. एसीवर चालताना ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, टॅप चेंजर पायरीपायरीने तो वाढवतो आणि रेक्टिफायर त्याचे डीसी करून मोटरींना देतो. डीसीवर चालताना ट्रान्सफॉर्मर निव्वळ ओझे होऊन बसतो, कारण डीसीचा दाब तो बदलू शकत नाही. मग जुनाच उपाय: सुरुवातीला सहाही मोटरी एकामागोमाग एका ओळीत जोडायच्या आणि मध्ये प्रवाह अडवणारा रोध घालायचा, गाडी हलली की रोध एकेक करून काढायचा, मग तीन-तीनच्या दोन ओळी करायच्या आणि शेवटी दोन-दोनच्या तीन ओळी. या शेवटच्या मांडणीत प्रत्येक मोटरीला ७५० व्होल्ट मिळतात आणि त्यापुढे जाण्याची सोय नाही.

रोध काढेपर्यंत जी वीज त्यात जाते, तिची निव्वळ उष्णता होते. दादरला इंजिनाशेजारी उभे राहिलेल्यांना आठवत असेल: गाडी सुटताना पंख्यांचा घोंगावता आवाज चढत जायचा आणि छपराकडून भट्टीसारखी गरम हवा फलाटावर यायची. ती हवा म्हणजे वाया चाललेली वीज.

थोडक्यात, हे इंजिन म्हणजे एका कवचात कोंबलेली दोन इंजिने. डीसीवर असताना ट्रान्सफॉर्मर फुकट वाहायचा, एसीवर असताना रोधांचे जंजाळ फुकट वाहायचे. दुरुस्ती करणाऱ्याला दोन्ही सांभाळायचे. आमच्यातले जुने फिटर या इंजिनाला ‘दोन घरचा पाहुणा’ म्हणत.

विरार_ते_वलसाड

मी निवृत्त लोको पायलट असून माझ्या नोकरीतला मोठा काळ डब्ल्यूसीएएम-१ आणि नंतर डब्ल्यूसीएएम-२ वर गेला. धागाकर्त्यांनी मागितले म्हणून लिहितो.

विरार आणि वैतरणा यांच्यामध्ये तारेचा एक मोकळा तुकडा होता, ज्यात कोणतीच वीज नसे. अलीकडे डीसी, पलीकडे एसी. खांबांवर आधी पाचशे मीटरची पाटी, मग अडीचशेची, मग डीजे उघडण्याची. डीजे म्हणजे इंजिनाचे मुख्य सर्किट ब्रेकर. तो उघडला की इंजिनातला सगळा आवाज एकदम बसतो. फक्त रुळांची खडखड आणि वारा. त्या शांततेत गाडी स्वतःच्या वेगावर वाहत असताना वीज बदलायची, मीटरवर पलीकडचा दाब दिसला याची खात्री करायची, असिस्टंटने मोठ्याने तो आकडा म्हणायचा, आणि मग डीजे लावायचा. हे सारे काही सेकंदांचे काम, पण चूक झाली तर डीसीच्या जोडणीत २५ हजार व्होल्ट शिरतील. संरक्षणाची साधने होती. तरी पहिली दोन वर्षे माझ्या तळहाताला तिथे घाम यायचा.

मागच्या डब्यांतल्या प्रवाशांना याचा पत्ताही लागत नसे, कारण लांब पल्ल्याच्या डब्यांचे दिवे त्यांच्या स्वतःच्या बॅटरीवर चालत. दिवे जायचे ते विजेची तार बदलणाऱ्या लोकलमध्ये.

एकदा माझीच फजिती झाली. पावसाळ्याची रात्र, पुढचा सिग्नल पिवळा, म्हणून मी वेग फार उतरवला. तो हिरवा होईल असे धरून चाललो आणि तो झाला नाही. इंजिन नेमके त्या मोकळ्या तुकड्यात उभे राहिले. वर तार आहे, पण तारेत वीज नाही. मागून दुसरे इंजिन येऊन ढकलेपर्यंत आम्ही दोघे अंधारात बसून होतो आणि असिस्टंट, वयाने लहान असूनही, एक शब्द बोलला नाही, याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे. चूक पूर्णपणे माझी होती. त्यानंतर तिथे वेग राखल्याशिवाय मी कधी शिरलो नाही.

इंजिनाविषयी माझे मतही सांगतो: डब्ल्यूसीएएम-१ एसीवर प्रामाणिक होते आणि डीसीवर आळशी. मुंबई सेंट्रलहून भरलेली गाडी काढताना ते कुरकुरायचे आणि वैतरणेचा पूल ओलांडला की जणू माहेरी आल्यासारखे पळायचे. डब्ल्यूसीएएम-२ मध्ये हा फरक बराच कमी झाला.

सरळ_बोलतो

सर्वांबद्दल आदर ठेवून विरुद्ध मत मांडतो. १३८ इंजिने म्हणजे एका निर्णयाला टाळाटाळ केल्याचा दंड होता. शहराची वीज सत्तरच्या दशकातच बदलायला घेतली असती, तर हा दोन घरचा पाहुणा पोसावाच लागला नसता. वर्कशॉप_परळ यांनीच लिहिले आहे की निम्मे सामान कायम फुकट वाहिले गेले. आपण ज्याला अभिमानाने मुंबईचे इंजिन म्हणतो, ती प्रत्यक्षात मुंबईची अडचण होती.

कर्जतचा_पासधारक

सरळ_बोलतो, अडचण होती हे मान्य. टाळाटाळ होती, हे मात्र मला पटत नाही. बदल सुरू झाल्यावर त्याला किती वर्षे लागली ते पाहा. मध्य रेल्वेवर २००६ मध्ये इगतपुरीकडून टिटवाळ्यापर्यंत एसी आली, पुण्याच्या बाजूने २०१० च्या सुमारास कल्याणपर्यंत. पश्चिम रेल्वे फेब्रुवारी २०१२ मध्ये संपूर्ण एसी झाली. कल्याणहून ठाण्याकडे येणारा टप्पा २०१४ चा, सीएसटीपर्यंतचा मुख्य मार्ग जून २०१५ चा, आणि ज्या हार्बर मार्गावर १९२५ मध्ये डीसीने सुरुवात केली, तिथेच एप्रिल २०१६ मध्ये तिचा शेवट झाला. हे सगळे रोजची वाहतूक चालू ठेवून, रात्रीच्या तीन-चार तासांच्या ब्लॉकमध्ये. ब्रिटिशांच्या काळातले बुटके पूल हा आणखी एक प्रश्न: २५ हजार व्होल्टच्या तारेला पुलाच्या पोटापासून जितके अंतर लागते, तितके अनेक ठिकाणी नव्हतेच. शिवाय दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल पुरेशा संख्येने येईपर्यंत तार बदलणे शक्य नव्हते. म्हणजे लोकलनेही आधी काही वर्षे हाच दोन घरचा पाहुणचार केला.

या दहा वर्षांत सीमा टप्प्याटप्प्याने मुंबईकडे सरकत राहिली, आणि ती कुठेही असली तरी ओलांडू शकणारी इंजिने हाताशी होती, म्हणून मेल-एक्स्प्रेस थांबल्या नाहीत. १९९८ मध्ये डब्ल्यूसीएएम-३ नसती, तर प्रत्येक टप्प्याला इंजिन बदलण्याचे एक नवे इगतपुरी उभारावे लागले असते. टिटवाळ्याला, मग ठाण्याला. विचार करून पाहा.

घाटाचेही सांगतो. कर्जतला गाडीच्या शेपटाला बँकर (घाटात मागून ढकलणारी जादा इंजिने) लागतात, तेव्हा शेवटच्या डब्यात आधी एक दबका धक्का जाणवतो आणि मग हवेचे पाइप जोडल्याचा फुसकारा ऐकू येतो. माझ्या पाहण्यातली बरीच वर्षे हे बँकर कल्याणचेच होते, आणि त्या इंजिनांच्या ताशी १०५ किलोमीटर वेगमर्यादेचा घाटात काहीच तोटा नव्हता, कारण मंकी हिलच्या वळणावर ताकद लागते, वेग नाही.

ठाकुर्लीकर

 

खेकडा प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत एक उभा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातही आहे, पण आपल्याला हार्बरच्या तिकिटात काम होते.

जिज्ञासू_डोंबिवली

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न: डीसी संपल्यानंतर या इंजिनांचे काय झाले?

वर्कशॉप_परळ

डब्ल्यूसीएएम-१ सगळी सेवेतून गेली. उरलेल्यांपैकी कल्याणची इंजिने केवळ एसीवर चालत राहिली, म्हणजे नावातला सी रंगात उरला आणि कामातून गेला. त्यांच्या जागा डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ या तीन फेजच्या मोटरींच्या इंजिनांनी घेतल्या. त्यांना उतारावर वीज परत देता येते, म्हणजे खेकड्याची ती करामत घाटात परतली. २०१९ पासून मध्य रेल्वेची राजधानी पुढेमागे एकेक डब्ल्यूएपी-७ लावून कसाऱ्याचा घाट चढू लागली आणि तिला बँकरसाठी थांबावे लागेनासे झाले. जुन्या इंजिनांना मालगाड्या आणि घाटातली ढकलाढकल उरली, आणि वय झाले तसतशी ती भंगारात निघू लागली.

विरार_ते_वलसाड

२०१२ नंतर मी एकदा मुलाकडे सुरतेला चाललो होतो, प्रवासी म्हणून, खिडकीजवळ. विरार सुटले, वैतरणेचा पूल जवळ आला आणि माझा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला. शेजारच्या बाईंनी विचारले, काका, काही हवे आहे का? मी म्हणालो, नाही, पाटी शोधत होतो.